स्रोत आढळला नाही

दस्तगीर मुजावर यांचा बारावा फोन आला तेव्हा रेठाणे अग्निशमन केंद्रात सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. फोन कुणी उचलायच्या आतच समोरच्या पडद्यावर गंधजाळानं निकाल देऊन टाकला : जुना धूर, स्रोत आढळला नाही, गाडी पाठवू नये. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. या क्रमांकाची विश्वासार्हता चार टक्के.

आधीच्या अकरा फोनांना यंत्रानंच गोड आवाजात उत्तर देऊन वाटेला लावलं होतं. बाराव्या वेळी केंद्राची स्थानक अधिकारी त्रिशला मगदूम योगायोगानं पडद्यासमोर उभी होती. तिनं तो अकराचा आकडा वाचला आणि फोन उचलला.

दस्तगीर शिंपी होते. माळभाग वसाहतीत पुढे दुकान, मागे घर. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मॅडम, आज बायको उठलीच नाही," ते म्हणाले. "जागी आहे, पण पाय धरत नाहीत. वास आजपण आहे. कुणी येणार नसेल तर तसं सांगा, मी रिक्षा बघतो."

"मी येते," त्रिशला म्हणाली. "तोवर दोघंही बाहेर येऊन बसा. दारं-खिडक्या सताड उघडा. परत आत जाऊ नका."

हे एवढं बोलणं तिला सोपं गेलं नव्हतं. त्यामागे चार वर्षांचा इतिहास होता.

चार वर्षांपूर्वी सूतबाजारातून धुराचा फोन आला होता. धूर आहे, आग दिसत नाही. अशा वेळी जे करतात तेच त्रिशलानं केलं. गाडी लावली, पाइप अंथरले, माणसं पांगवली आणि एकेक दुकान शोधत गेली. दोन तासांनी एका छताच्या पोकळीत ट्यूबलाइटचा जळका चोक सापडला. त्याच दोन तासांत शहराच्या दुसऱ्या टोकाला रंगनाथ कोष्टी नावाचा माग कामगार आपल्या घरात गुदमरून गेला. शहरात तेव्हा एकच गाडी होती. पाइप गुंडाळून ती तिकडे पोचली तेव्हा शेजाऱ्यांनी विहिरीच्या पाण्यानं आग विझवलेली होती.

म्हणून गंधजाळाचा प्रस्ताव नगरपरिषदेपुढे आला तेव्हा सगळ्यात ठासून बोलली ती त्रिशलाच. शहरातल्या दर चौथ्या दिव्याच्या खांबावर साबणाच्या वडीएवढी एक डबी बसली. डबीतल्या पातळ पापुद्र्यावर हजारो प्रथिनं पेरलेली होती. रातपतंगाच्या मिशांमध्ये वास ओळखणारी जी प्रथिनं असतात, त्यांचीच प्रयोगशाळेत घडवलेली भावंडं. हवेतला एखादा रेणू आपल्या नेमक्या प्रथिनावर येऊन बसला की पापुद्र्यातला वीजप्रवाह किंचित बदलतो. लाकूड जळलं तर एक ठसा, रबर जळलं तर दुसरा, उतू गेलेल्या दुधाचा आणखी वेगळा. मग वाऱ्याचा वेग आणि दिशा घेऊन गणित उलटं चालवायचं : हा रेणू या खांबापाशी आत्ता पोचला, तर निघाला कुठून? दहा-बारा खांबांची उत्तरं एका ठिकाणी मिळाली की तिथं आग.

धुराचं वयही जाळ्याला कळे. ताज्या धुरात झोंबरे, चंचल रेणू भरपूर असतात. ऊन-वाऱ्यात ते काही तासांत मोडून जातात, आणि मागे उरतात ते सुस्त, टिकाऊ. चंचल कमी, सुस्त जास्त, म्हणजे धूर लांबून वाहत आलेला. कुणीतरी काल उसाचं पाचट पेटवलं असेल. त्याच्यामागे गाडी पळवायचं कारण नाही.

रेठाण्याच्या वाऱ्याचं हे गणित मांडलं होतं त्रिशलाच्या नवऱ्यानं. श्रेणिकनं एक अख्खा हिवाळा आणि एक अख्खा उन्हाळा शहरातल्या गच्च्यांवर वातमापक घेऊन काढले होते. पुढे त्याची धुराचं वय काढायची पद्धत राज्यातल्या एक्केचाळीस शहरांनी उचलली. गेल्या तीन वर्षांत रेठाण्यात धुरानं एकही माणूस गेल्याची नोंद नव्हती. त्रिशलाला नवऱ्याचा अभिमान होता, आणि तो वावगा नव्हता.

जाळ्यानं नाही म्हटल्यावरही गाडी नेली तर तिला नाहक फेरी म्हणत. तीन नाहक फेऱ्या झाल्या की अधिकाऱ्याला मैदानातून काढून टेबलावर बसवायचं, असा नियम होता. त्रिशलाच्या नावावर सुरुवातीच्या महिन्यांतल्या दोन होत्या.

तिनं गाडी जागेवरच ठेवली. जीप काढली आणि आदगोंडा पाटलांना बरोबर घेतलं. सत्तावन्न वर्षांचे आदगोंडा खात्यातले सर्वांत जुने फायरमन. सगळं केंद्र त्यांना आण्णा म्हणे.

माळभागात दस्तगीर आणि त्यांची बायको जुबेदा दुकानाबाहेर बाकावर बसली होती. जुबेदाचं डोकं भिंतीला टेकलेलं. ओठ कोरडे, नजर सैल. त्रिशलानं आधी रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत दस्तगीरना विचारत राहिली. वास पहिल्यांदा कधी आला? तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी दुकान उघडताना. कसला? जुन्या गोधडीवर इस्त्री जास्त वेळ राहिली तर येतो तसला. धूर दिसला का? एकदा, शिलाई मशीनखाली, निळसर दोरा असावा तसा. डोकं दुखतं का, कधी? दारं लावून बसलं की. बाजाराच्या दिवशी दिवसभर बाहेर असलं की दुखत नाही.

हे शेवटचं उत्तर ऐकून तिनं आण्णांकडे पाहिलं.

मग दोघं कामाला लागली. पहिली फेरी बाहेरून, वाऱ्याच्या बाजूनं सुरुवात करून, छपरापासून जोत्यापर्यंत. नंतर मेन स्विच बंद. तळहात भाजला तर पुढं कामाचा राहत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून एकेक स्विचबोर्ड, फ्रिजची पाठ, मशीनच्या मोटारी. उष्णता दाखवणारा कॅमेरा छतावरून, भिंतींवरून फिरवला. गॅस बंद होता. गीझर नव्हता. डाव्या शेजाऱ्याकडे काही नाही, उजव्याकडे काही नाही. तिन्ही घरांत कुठंही नेहमीपेक्षा गरम असं काही सापडलं नाही.

पण त्रिशलाच्या पट्ट्याला लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर दुकानात पाऊल टाकल्यापासून टिकटिकत होता. दारं उघडी असूनही साठ, एरवी तो शून्यावर असे. तिनं तो काढून हातात घेतला आणि खाली बसली. फरशी जिथं भिंतीला मिळते त्या फटीपाशी नेला. आकडा दोनशे दहावर गेला.

"हे घरातलं नाही, आण्णा," ती म्हणाली. "हे खालून येतंय."

आण्णांनी फटीवर हात धरला. थंडीचे दिवस, आणि फरशी कोमट होती.

रुग्णालयात जुबेदाचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिनचा अठरा टक्के हिस्सा त्या वायूनं अडवून ठेवला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी दोन-तीन दिवस दारं लावून झोपल्या असत्या तर उठल्या नसत्या. दस्तगीरच्या रक्तातही अकरा टक्के निघालं. दोघांना प्राणवायू लावून झोपवलं. निघताना त्रिशला दस्तगीरच्या खाटेपाशी थांबली. अकरा वेळा तुमचं ऐकलं नाही, ती चूक आमची, एवढंच तिनं सांगितलं. तोंडावर मास्क होता, म्हणून त्यांनी असू द्या अशा अर्थानं नुसता हात हलवला.

दुपारी ती नगरपरिषदेच्या पहिल्या मजल्यावर, श्रेणिकच्या नियंत्रण कक्षात गेली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माळभागाचा नकाशा उघडला. वसाहतीभोवतीच्या अकराही खांबांवर धुराचा बारीक ठसा होता, हे त्यानं मान्य केलं. पण त्यात चंचल रेणू जवळजवळ नव्हतेच. अकराही खांबांचं म्हणणं एकच होतं : हा धूर दोन दिवसांचा आहे. घरातल्या वायूचं कारण घरातच असणार, असं त्याचं मत पडलं. एखाद्या शेजाऱ्याचा जनरेटर, तुंबलेली चिमणी, काहीतरी.

"तुझ्या शब्दावर मी एक खांब बाजूला ठेवीन," तो म्हणाला. "अकरा कसे ठेवू?"

तेवढ्यात मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला. जीपच्या फेरीकडे आपण दुर्लक्ष करू, पण तक्रार बंद झालेली आहे, एका घराची गळती गवंड्याकडे सोपवावी, असं त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. श्रेणिकला रंगनाथ कोष्टी माहीत होता. त्या एका माणसानं आपल्या बायकोच्या किती रात्री खाल्ल्या, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. पुन्हा एकदा ती नसलेल्या आगीच्या मागे लागेल आणि तोवर दुसरीकडे कुणी जाईल, ही भीती त्यानं बोलून दाखवली. ती भीती तिलाही होती. तिनं ताट बाजूला सारलं.

"एकच सांग," ती म्हणाली. "ताजा धूर जुना दिसू शकतो का?"

श्रेणिकनं विचार केला. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "नाही. कुणी तो गाळून दिला तरच."

बोलता बोलता त्याचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्रिशला माळभागात होती. आण्णा आणि रजेवर असलेले दोन फायरमन आपणहून आले होते. चौसष्ट घरं. प्रत्येक दार वाजवायचं, विचारून आत जायचं, मीटर फरशीच्या फटीला लावायचा, आकडा कागदी नकाशावर लिहायचा. काही जणांनी चहा दिला, काहींनी दारातूनच फाटकावरच्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. वसाहतीच्या फाटकावर जाळ्याचा दिवा असे. हिरवा, म्हणजे सुरक्षित.

साडेनऊपर्यंत नकाशा भरला. आकडे दस्तगीरच्या दुकानाभोवती जमतील अशी तिची अटकळ होती. तसं झालं नव्हतं. दुकान तर कडेला होतं. आकडे पूर्वेकडे वाढत गेले होते, आणि पूर्वेला शाळा होती.

शाळेमागं मोकळं मैदान होतं. रात्री चांगलं दव पडलेलं, गवत ओलं चिंब, बुटांना पाणी लागत होतं. मधेच आण्णा थांबले. त्यांच्या पुढ्यात घराएवढा एक गोल होता, आणि त्या गोलातलं गवत कोरडं ठणठणीत होतं. पलीकडे दुसरा गोल. तिसरा थेट शाळेच्या पायरीपर्यंत गेलेला.

"पेवं," आण्णा म्हणाले.

त्रिशलाला शब्द माहीत होता, वस्तू पाहिलेली नव्हती. आण्णांनी सांगितलं. वसाहत व्हायच्या आधी हा सगळा माळ हळदीच्या पेवांचा होता. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड घागरीएवढं, पोट खोलीएवढं. कडेनं गवताचा थर, आत हळद, वर मातीनं लिंपलेलं तोंड. इथल्या घट्ट मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पुढं गोदामं आली, शीतगृहं आली, पेवं ओस पडली. घरं बांधताना ती मुरमानं भरायची ठरली होती. ठेकेदाराच्या ट्रॅक्टरांनी प्रत्यक्षात काय ओतलं ते गावानं पाहिलं होतं : सुताचा कचरा, फाटकी पोती, आणि वरच्या थरांत स्कूटरच्या निकामी बॅटऱ्या.

आता सगळं जुळत होतं. कुठलीतरी बॅटरी आतल्या आत तापून फुटली असणार. गवत आणि सूत पेटलं असणार. पुरेशी हवा नाही म्हणून ज्वाला नाही. नुसतं धुमसत, एका पेवातून भेगेवाटे दुसऱ्यात सरकत, आठवडेच्या आठवडे. धूर वर येताना दहा-बारा फूट मातीतून येत होता. माती झोंबरे रेणू धरून ठेवत होती, काजळी धरून ठेवत होती, वासही बराचसा. ज्याला माती अडवू शकत नाही असा एकच वायू, कार्बन मोनॉक्साइड, सुटून वर येत होता, आणि त्याला वास नसतो. खांबावरच्या डब्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. गाळलेला धूर त्यांनी जुना समजला होता.

शाळेत तेव्हा एकशे ऐंशी मुलं होती. पहिलीच्या वर्गात मीटर पंचेचाळीस दाखवत होता. मुलं पेंगत होती, आणि बाईंना ते थंडीमुळं वाटत होतं. खाली गवत-सूत जळून पोकळी झाली असेल तर वरची जमीन कधी बसेल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

त्रिशलानं केंद्राला कळवून गाडी मागवली. गाडी सुटल्याक्षणी पडद्यावर तिसरी नाहक फेरी लागली, हे तिला माहीत होतं. दुसरी, नवी गाडी तिनं केंद्रातच तयार ठेवायला सांगितली. मग ती मुख्याध्यापिका कालिंदी सुतार यांच्या खोलीत गेली.

कालिंदीबाई हट्टी नव्हत्या, पण जबाबदार होत्या. जाळं हिरवं असताना शाळा सोडली आणि रस्त्यावर एखाद्या मुलाला काही झालं तर उत्तर कोण देणार, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्रिशलानं त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं : शाळेच्या इमारतीखाली आग आहे. इमारत तत्काळ रिकामी करण्याचा आदेश मी देत आहे. खाली नाव, हुद्दा, वेळ.

"दिवा हिरवाच आहे," ती म्हणाली. "त्यानं सही केलेली नाही. मी केली आहे."

बाईंनी कागद वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घंटा वाजवायला सांगितली. मैदान टाळून, पश्चिमेच्या दारानं, रांगा करून मुलं बाहेर पडली. बारा मिनिटांत शाळा रिकामी झाली.

आणि मग काहीच झालं नाही. जमीन खचली नाही, धूर निघाला नाही. ऊन वर आलं, दव वाळलं, कोरडे गोल बाकीच्या गवतात मिसळून गेले. पालक जमले. कामावरून धावत आलेल्या एका आईनं विचारलं, आग कुठं आहे ते दाखवा. त्रिशलानं जमिनीकडे बोट दाखवलं, आणि मागं कुणीतरी हसलं. बारा वाजता मुख्याधिकारी आले. एकच्या आत गाडी केंद्रात परत गेली पाहिजे, असं ते म्हणाले. तिनं तो हुकूम लेखी मागितला. तो लिहून द्यायला मात्र ते तयार नव्हते.

तोवर आण्णांनी दीड इंची लोखंडी पाइप आणला होता. तोंड उघडलं तर हवा आत जाऊन भडका उडेल, म्हणून खड्डा खणायचा नव्हता. पाइप घणानं ठोकत न्यायचा आणि भोवती ओली माती थापत जायची. चार फुटांवर पाइप दगडात अडकला. दुसरीकडे ठोकला, तिथंही अडला. घामानं आण्णांचा सदरा पाठीला चिकटला. त्रिशलानं घण घेतला. तिसरी जागा तिनं सकाळच्या नकाशावरून पावलं मोजून निवडली.

ती घण मारत असतानाच श्रेणिक आला. त्याच्या हातांना काजळी होती. काखेत खांबावरून उतरवलेली एक डबी आणि हातात झाडाची मातीची कुंडी. रात्रभर त्याला त्याचंच वाक्य छळत होतं. सकाळी त्यानं कुंडी मातीनं गच्च भरली होती, तळाच्या भोकाखाली गवत आणि सुताची चिंधी पेटवली होती आणि मातीतून वर झिरपलेला धूर डबीला हुंगायला दिला होता. तोच प्रयोग त्यानं मुख्याधिकाऱ्यांसमोर, पालकांसमोर पुन्हा केला. गवत पेटवून दोन मिनिटंही झाली नव्हती. डबीच्या पडद्यावर अक्षरं उमटली : जुना धूर. अंदाजे वय एकोणचाळीस तास. स्रोत आढळला नाही.

आग कुठं आहे ते दाखवा म्हणणारी आई पुढं येऊन कुंडीकडे बघत राहिली.

श्रेणिक त्रिशलाजवळ आला. वयाची अट काढून त्यानं गणित पुन्हा चालवलं होतं. अकराही खांबांच्या रेषा या मैदानात मिळत होत्या. "तीन आठवडे त्या इथंच मिळत होत्या," तो म्हणाला. "मीच त्या खोडत होतो."

"ते नंतर बोलू," ती म्हणाली. "पाइप धर."

त्यानं पाइप धरला. बारा फुटांवर तो एकदम सैल झाला आणि हातभर खाली सरकला. खाली पोकळी होती. तापमापकाची तार आत सोडली. सत्तर, एकशे चाळीस, दोनशे. तीनशे बारा अंशांवर आकडा थांबला. मुख्याधिकाऱ्यांनी तो स्वतः वाकून वाचला. गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तिथंच उभ्या उभ्या श्रेणिकनं जाळ्याच्या नकाशावर माळभाग स्वतःच्या हातानं लाल केला. यंत्राचा निकाल माणसानं बदलला की त्याची खबर ही पद्धत वापरणाऱ्या सगळ्या शहरांना जात असे, कारणासह. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं : धुराच्या वयाचं माझं गृहीतक चुकीचं आहे. एक्केचाळीस शहरांत ते वाक्य एकाच वेळी पोचलं. त्रिशला त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

पुढचं काम चिकाटीचं होतं. पाणी ओतायचं नव्हतं. तापलेल्या पेवात पाणी गेलं की वाफेनं जमीन फुटते, आणि बॅटऱ्यांवर पडलं तर ज्वालाग्राही वायू निघतो. आगीला उपाशी मारायचं होतं. नायट्रोजन हवा होता, आणि तो कुठं मिळेल हे त्रिशलाला ठाऊक होतं. रेठाण्याभोवतीच्या द्राक्षांच्या शीतगृहांत हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारी यंत्रं होती. ती स्वतः एकेका मालकाकडे गेली. हंगाम तोंडावर होता, तरी तिघांनी यंत्रं ट्रेलरवर चढवून दिली. चौथ्यानं आधी नाही म्हटलं, आणि संध्याकाळी स्वतःच घेऊन आला.

चौसष्ट घरं रिकामी करून माणसं बाजार समितीच्या शेडमध्ये हलवली. मैदानात एकूण एकोणीस पाइप ठोकले. रात्रंदिवस नायट्रोजन आत जात राहिला. दर दोन तासांनी प्रत्येक पाइपाचा आकडा फळ्यावर लिहायचा. पहिले तीन दिवस आकडे हललेच नाहीत, आणि माणसं कुरकुरू लागली. चौथ्या दिवशी दुपारी शाळेच्या पायरीजवळची जमीन आवाज न करता दीड हात खाली बसली. पायरी तुटून त्यात गेली. कालिंदीबाई फाटकाबाहेर उभ्या राहून ते बघत होत्या. पाचव्या दिवसापासून आकडे उतरू लागले. नवव्या दिवशी सगळ्यात गरम पाइप साठावर आला. मग आण्णा घरी जाऊन सलग चौदा तास झोपले.

मुख्याधिकाऱ्यांनी त्रिशलाची तिसरी फेरी नोंदीतून काढून टाकतो म्हणून सांगितलं. तिनं ती तशीच राहू द्यायला सांगितलं आणि वेगळी मागणी लिहून दिली : नाहक फेरी हा प्रकारच नियमांतून काढावा. गाडी कुठं अडकली म्हणून माणूस जाऊ नये यासाठी गाड्या वाढवाव्यात, शोध कमी करू नये. त्यावर विचार करू, असं उत्तर आलं. तिनं दर सोमवारी स्मरणपत्र धाडायला सुरुवात केली.

तिसऱ्या सोमवारी श्रेणिक तिच्या केंद्रात आला. या टेबलापुढच्या खुर्चीत तो यापूर्वी कधी बसला नव्हता. त्यानं चार पानं पुढं ठेवली. तीन वर्षांत रेठाण्यात जुना धूर म्हणून बंद झालेल्या तक्रारी. तीनशे सतरा. बहुतेक खरोखरच उसाच्या पाचटाच्या असतील, तो म्हणाला. पण कुठल्या नव्हत्या ते यंत्राला विचारून कळणार नव्हतं. जाऊनच पाहायला हवं होतं.

त्रिशलानं यादी वरून खाली वाचली. काही क्रमांक एकदाच आले होते. काही चार-पाच वेळा येऊन मग थांबले होते. ते का थांबले असतील, याचा विचार करताना तिचं बोट एकेका ओळीवर रेंगाळत होतं. श्रेणिकचंही लक्ष त्याच ओळींवर होतं.

"मी येऊ बरोबर?" त्यानं विचारलं.

"मीटर तू धर," ती म्हणाली. "विचारायचं काम माझं."

पहिला पत्ता सव्वीस महिन्यांपूर्वीचा होता, रंगाऱ्यांच्या गल्लीतला. सहा फोन, नंतर काही नाही. उन्हं कलायला लागली होती. दाराला आतून कडी होती. तिनं वाजवलं, थांबली, पुन्हा वाजवलं. श्रेणिक मागं मीटर घेऊन उभा होता.

बऱ्याच वेळानं आतून सरपटत पावलं आली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. त्यांनी गणवेशाकडे पाहिलं, गल्लीत आगीची गाडी आहे का ते पाहिलं, आणि कुणाचं काय जळतंय, असं विचारलं.

त्रिशलानं नाव सांगितलं. तुम्ही दोन वर्षांपूर्वी धुरासाठी फोन केला होता, म्हणाली.

"सहा केले होते," गृहस्थ म्हणाले.

"हो, सहा. आम्हाला यायला उशीर झाला. वास कुठं येत होता ते दाखवाल?"

ते बाजूला सरले, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीकडे हात करून त्यांनी दोघांना वाट दिली.